अचूक निदान, जपून औषध : प्लेगच्या इतिहासापासून आपल्या वसतिगृहापर्यंत

शालेय पाठ्यपुस्तकांत लढायांच्या तारखा असतात, तहांच्या तारखा असतात. साथींच्या तारखा मात्र क्वचितच आढळतात. वास्तविक पाहता, गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या आयुष्यावर जितका परिणाम जंतूंनी केला, तितका क्वचितच एखाद्या लढाईने केला असेल. इतिहासाचे अध्यापन करताना हे आम्हाला वारंवार जाणवत आले आहे. निवासी शाळेत तर हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा ठरतो. एका छताखाली निजणारी, एका पंक्तीत जेवणारी मुले एकमेकांचा आजारही वाटून घेतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने जिवाणूजन्य आजारांचे अचूक निदान आणि प्रतिजैविकांचा जपून वापर या विषयाची मांडणी आम्ही विद्यार्थी व पालक यांच्यासाठी करीत आहोत.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणून पटापट मरू लागली. काखेत, जांघेत गाठी येत. हा प्लेग आहे असे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे शोधला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव सांगते. रोग कोणता ते कळले होते, त्याचा जंतू माहीत होता, प्रतिबंधक लसही आली होती. एकदा रोग जडल्यावर त्याला मारणारे औषध मात्र जगात कोणापाशीच नव्हते.

याच काळात पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे शुश्रूषेला उभ्या राहिल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण दरवर्षी त्यांचा स्मृतिदिन पाळतो. त्या दिवशी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, ती अशी की, ज्या रोगाने सावित्रीबाईंचा बळी घेतला तो रोग आज वेळीच ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन या औषधांनी बरा होतो. त्यांच्या वाट्याला जे औषध आले नाही ते आपल्या हाती आहे, आणि ते जपण्याची जबाबदारीही म्हणूनच आपली आहे.

औषध आल्यानंतरही अविचार संपला नाही. १९९४ च्या पावसाळ्याअखेर बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले. पाठोपाठ सप्टेंबरात सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ उसळली. लाखो लोक शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांवर लोक तुटून पडले. ज्यांना ताप नव्हता त्यांनीही त्या विकत घेतल्या आणि खऱ्या रुग्णांसाठी तुटवडा झाला. प्रयोगशाळेतील निदानाला वेळ लागल्याने हा प्लेगच आहे की दुसरेच काही, हा वाद पुढे कित्येक महिने चालला. जनुकीय तपासणीतून तो प्लेगच होता हे नंतर सिद्ध झाले. तथापि, निदान जिथे उशिरा पोहोचते तिथे अफवा आधी पोहोचते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

जंतू कोणता, हे ओळखावे कसे?

आजार निर्माण करणारे सूक्ष्मजीव अनेक प्रकारचे असतात. त्यांपैकी जिवाणू आणि विषाणू यांतला भेद प्रत्येक विद्यार्थ्याने पक्का ध्यानात ठेवावा. क्षय, विषमज्वर, प्लेग, घटसर्प हे जिवाणूंचे आजार. सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. प्रतिजैविक जिवाणूच्या शरीररचनेवर घाव घालते. पेनिसिलिन त्याची भिंत नीट बांधू देत नाही, स्ट्रेप्टोमायसिन त्याची प्रथिने बनवण्याची क्रिया बिघडवते. विषाणूला तशी भिंतही नसते आणि तसा कारखानाही नसतो. त्यामुळे सर्दीवर प्रतिजैविक घेणे म्हणजे पाखरांचा उपद्रव असताना उंदरांचे विष टाकणे होय. पाखरे जात नाहीत आणि विष मात्र घरात राहते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांनी रुग्णाला नीट तपासणे. त्यानंतर गरजेनुसार रक्त, लघवी, बेडका किंवा पू यांची तपासणी येते. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणते औषध त्याला मारते हेही पाहता येते. यास साधारणपणे ‘कल्चर’ म्हणतात. या तपासणीचा नमुना शक्यतो औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावा लागतो. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर जंतू नमुन्यात सापडत नाही, पण शरीरात लपून राहतो.

ग्रामीण भागात ताप आला की ‘विडाल’ करून टायफॉइड ठरवण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही तपासणी जंतू शोधत नाही, रक्तातील प्रतिद्रव्ये शोधते. ती प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गामुळे किंवा अन्य आजारांतही वाढलेली असू शकतात. म्हणून एकाच विडालच्या कागदावरून विषमज्वराचा शिक्का मारणे योग्य नव्हे. डॉक्टरांना ‘रक्ताचे कल्चर करावे लागेल का?’ असे नम्रपणे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न विचारणे म्हणजे उपमर्द नव्हे. पारखून स्वीकारणे ही तर आपल्या परंपरेची शिकवण आहे.

याचा अर्थ प्रतिजैविक वाईट असा कोणी काढू नये. बालकाचा न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह, रक्तात पसरलेला संसर्ग यांत एकेक तास मोलाचा असतो. तेथे डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. घसा दुखण्याची बहुतेक कारणे विषाणूजन्य असतात. परंतु स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूने घसा सुजला असेल आणि उपचार झाला नाही, तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. तेथे औषध टाळणे हाच अपराध ठरतो. कोणता घसा कोणत्या जंतूचा, हे ओळखण्यातच सारे वैद्यक आहे.

पिंपरीचे औषध आणि धारावीची चिठ्ठी

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधले. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनीच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू मरणार नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतील. स्वातंत्र्यानंतर हे औषध गरिबाला परवडावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. परदेशी औषधाच्या किमतीमुळे जे कुटुंब मरणाच्या दारी बसत होते, त्याच्यासाठी पिंपरीचा कारखाना म्हणजे समतेच्या दिशेने टाकलेले पाऊलच होते.

फ्लेमिंग यांचा इशारा मात्र महाराष्ट्रातच खरा ठरला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्याचे आढळले. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, मुंबईतील १०६ डॉक्टरांची पुन्हा पाहणी झाली. त्यांनी ६३ प्रकारचे उपचार लिहिले आणि त्यांपैकी केवळ सहांचा उपचार बरोबर होता. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले. त्या क्षयाला कोणते नाव द्यावे यावर शासनाशी मतभेद झाले. पण रुग्ण खरे होते. चुकीची चिठ्ठी आणि अर्धवट सोडलेले औषध यांतून अशा जंतूंची पैदास होते.

प्रतिकार निर्माण होतो कसा, तेही समजून घ्यावे. शरीरातील कोट्यवधी जिवाणूंत काही थोडे जन्मतःच जरा चिवट असतात. औषध अपुरे पडले तर दुबळे मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. एवढेच नव्हे, तर हा चिवटपणा एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने मांडला आहे.

देवळ्याच्या शिवारात

हा प्रश्न केवळ शहरांचा आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर करावी लागेल. देवळा, सटाणा, मालेगाव या पट्ट्यातील शेतकऱ्याला डाळिंबावरचा ‘तेल्या’ सांगावा लागत नाही. हा रोगही जिवाणूचाच. त्यावर वर्षानुवर्षे फवारले गेलेले ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या माणसाच्याच दोन औषधांचे मिश्रण. क्षय आणि प्लेग ज्याने बरे झाले तेच औषध पंपातून पानांवर, मातीत आणि पाण्यात उतरले. बाग वाचवण्यासाठी कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याला पर्याय देणे हे शासनाचे आणि कृषिशास्त्राचे काम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाच्या शेतीतील वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यापूर्वी जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व जनावरांसाठी कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाच्या वापरावर बंदी आली. फवारणी करणारा मजूर बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, हेही विसरता येत नाही.

आपल्या वस्त्यांतील आजाराचे अर्थकारणही समजून घेतले पाहिजे. आजारपणात दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मजूर बाई म्हणते, ‘डॉक्टर, हेवी डोस द्या, उद्या कामाला जायचंय.’ मग सलाईन लागते, इंजेक्शन दिले जाते, तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात. बरे वाटताच उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवल्या जातात. हे अज्ञान नव्हे, ही दारिद्र्याची सक्ती आहे. परंतु त्याची किंमत शेवटी त्याच घराला मोजावी लागते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे नोंदवतो. आठवीतील एका मुलीला दिवाळीच्या सुटीत खोकला सुरू झाला. गावाकडे दोन ठिकाणी दाखवून तिला तीन प्रकारची प्रतिजैविके देण्यात आली. प्रत्येक वेळी आठ दिवस बरे वाटे आणि खोकला पुन्हा येई. शाळेत परतल्यावर तिचे वजन घटलेले दिसले, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेले. बेडक्याची तपासणी झाली आणि क्षय निघाला. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूला मारत नाहीत, केवळ काही काळ दाबून ठेवतात. त्यामुळे निदान लांबते, असे तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले. आईने एकच प्रश्न विचारला : ‘हिची शाळा सुटेल का?’ शाळा सुटली नाही. सहा महिन्यांचा पूर्ण उपचार तिने विनामूल्य घेतला, तिच्या खोलीतील मुलींचीही तपासणी झाली. आज ती नववीच्या वर्गात नियमित बसते.

आपल्या वसतिगृहाने काय करावे?

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याला आंघोळ घातली. येथे तुमचे आईवडील जवळ नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील, असे त्यांनी नंतर संघाला विचारले. निवासी शाळेसाठी याहून योग्य शिकवण दुसरी नसेल. तिला अनुसरून काही गोष्टी आपण कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सतत ताप, घटते वजन यांपैकी काही दिसले तर ते लपवू नये, वसतिगृह अधीक्षकांना त्याच दिवशी सांगावे. क्षयाची तपासणी आणि औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. सीबीनॅट यंत्रावर सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे कळते.

दुसरी : चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून प्रतिजैविक आणू नये. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अनेक महत्त्वाच्या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवणे बंधनकारक आहे. वेष्टनावर लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे पहिलीच्या मुलालाही शिकवता येते.

तिसरी : औषध किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. साध्या क्षयाला सहा महिने लागतात, काही संसर्गांना पाच दिवसही पुरतात. बरे वाटले म्हणून मनाने थांबवू नये आणि भीती वाटते म्हणून मनाने वाढवूही नये.

चौथी : उरलेली गोळी मित्राला देऊ नये. डबा वाटून खावा, पांघरूण वाटून घ्यावे. औषध मात्र ज्याचे त्यानेच घ्यावे.

पाचवी, आणि सर्वांत स्वस्त : साबणाने हात धुणे, शुद्ध पाणी, स्वच्छ शौचालये आणि वेळेवर लसीकरण. जो संसर्ग झालाच नाही त्याला औषध लागत नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी माणूस म्हणून सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. तो हक्क आज प्रत्येक वस्तीत शुद्ध पाण्याच्या नळापर्यंत पोहोचवणे, हे आरोग्याचे काम आहे आणि चळवळीचेही.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणी परिचारिका होईल, कोणी प्रयोगशाळेत बसेल, कोणी डॉक्टर होऊन याच तालुक्यात परत येईल. तेव्हा तुमच्यासमोर मजुरी बुडवून आलेली एखादी बाई बसेल आणि हेवी डोस मागेल. तिला घाईने चिठ्ठी देऊ नका. तिला तपासा, तिच्या आजाराचे नाव शोधा, तिच्याच भाषेत तिला ते समजावून सांगा आणि मग लागेल तेवढेच औषध द्या. सावित्रीबाईंचा स्मृतिदिन पाळण्याची याहून चांगली रीत आम्हास ठाऊक नाही.