परमिट रूमला हरकत घ्यायची, तर खर्च किती?

इमारतीच्या खालच्या गाळ्यात हॉटेल येतं, काही दिवसांत ‘परमिट रूम’ची पाटी लागते आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो: वकील करायचा का? वकील शेवटी. त्याआधीची बरीच लढाई शे-दोनशे रुपयांत होते, पण ती कागदावरच लढावी लागते.

सुरुवात माहिती अधिकारापासून करा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. उत्तराची मुदत 30 दिवस. ती उलटली तर पहिल्या अपिलाला 20 रुपयांचा स्टॅम्प.

अनुज्ञप्तीची प्रत मागाच, पण मंजूर नकाशा आणि शाळा-मंदिरापासूनच्या अंतराचा तपासणी अहवाल मुळीच सोडू नका. सगळा जीव नकाशात असतो. दारू कुठल्या जागेत द्यायची, ती हद्द त्यात आखलेली असते. गच्चीवर, फुटपाथवर किंवा तुमच्या पार्किंगमध्ये मांडलेली टेबलं त्या हद्दीबाहेर निघाली, तर फोटो काढा, त्यावर तारीख-वेळ येऊ द्या आणि नकाशाची प्रत जोडून तक्रार करा. मालकाने परवान्यापोटी लाखो रुपये भरलेले असतात. ‘बंदच करा’ या मागणीपुढे तो ठाम उभा राहतो. ‘अमुक अट मोडली’ ही तक्रार मात्र अधिकाऱ्याला नोंदवून घ्यावी लागते. अटी मोडल्यास परवाना निलंबित वा रद्द करण्याची तरतूद महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम 54 मध्ये आहे.

तक्रारीला शुल्क नाही. अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे प्रत द्या. झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर चालू असेल तर 112 ला फोन करा आणि वेळ वहीत टिपा. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे.

एक गैरसमज मात्र पैसे खातो. महामार्गापासून 500 मीटरचा नियम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये घातला खरा, पण महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आडवा येत नाही, हे जुलै 2017 मध्येच स्पष्ट झालं. शहरात राहून त्यावर वकिलाची फी घालवू नका. सोसायटीच्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान येणार असेल, तर सोसायटीची ना हरकत लागेल, असं सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं. त्यामुळे सेक्रेटरीने सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय कुठल्याच पत्रावर सही करू नये.

खरा खर्च उच्च न्यायालयात होतो. तिथे पहिला प्रश्न येतो, राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील केलं होतं का? आधीच्या पोचपावत्या नसतील तर जाऊच नका. गेलात तर फी लेखी ठरवा, वर्गणी सोसायटीच्या नावे पावती फाडूनच घ्या.

परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि नूतनीकरणाच्या वेळी फाइल पुन्हा उघडते. तुमची तक्रार डिसेंबरातच त्या फाइलला लागलेली असू द्या.