फिरत्या खिडकी-सफाईसाठी बॅटरी-पंपाची जुळणी

पालकसभेत एका वडिलांनी आम्हांला विचारले, “सर, आमच्या हातातला खराटा सुटावा म्हणून पोराला इथे ठेवले. आणि कार्यशाळेत तुम्ही त्याला काचा धुवायला शिकवता?” प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे पडले. पुरे उत्तर या कामाच्या तपशिलात आहे, असे आम्हांला वाटते; म्हणून प्रथम तो पाठ मांडतो आणि मग प्रश्नाकडे वळतो.

पाण्याचा प्रश्न आधी

काच ओल्या फडक्याने पुसली की वाळताना तिच्यावर पांढुरके ठिपके उमटतात. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. पाण्यात क्षारच उरले नाहीत, तर काच पुसण्याची गरज राहत नाही. ती धुवावी आणि आपोआप वाळू द्यावी. लांब दांड्याच्या टोकाच्या ब्रशातून असे शुद्ध पाणी सोडून, जमिनीवर उभे राहूनच वरच्या मजल्याची काच धुणे, ही या पद्धतीची गुरुकिल्ली आहे.

विरघळलेल्या क्षारांचे मान टीडीएस मीटरने कळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा धरली आहे. काचेसाठी मात्र हा आकडा १० च्या आत हवा. पिण्यास उत्तम असलेले पाणीही काचेवर डाग पाडते, हे विद्यार्थ्यांना प्रथम मीटरवर दाखवावे.

घरगुती आरओ यंत्र ताशी १० लिटर पाणी देत असेल, तर रात्रीच्या ८ तासांत ८० लिटर साठते. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. ती बंद करावी. आरओनंतर उरलेले क्षार काढण्यासाठी रेझिनची नळकांडी जोडावी आणि मीटरचा आकडा १० च्या वर गेला की रेझिन बदलावे. आरओतून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे पाणी बरेच असते. ते फरशी व शौचालये धुण्यासाठी साठवावे. टँकरची वाट पाहिलेल्या घरांतील मुलांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

पंपाची निवड

आपल्या शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी यंत्रात १२ व्होल्टचा जो लहान डायाफ्राम पंप असतो, त्याच जातीचा पंप येथे चालतो. मात्र शेतात वापरलेले जुने यंत्र कदापि घेऊ नये. त्याच्या टाकीत व नळ्यांत औषधाचा अंश राहतो आणि तो लोकांच्या घरांच्या खिडक्यांवर, अंगणावर आणि आपल्या अंगावर पडतो. पंप नवा घ्यावा.

पाणी १० मीटर उंच चढवण्यास सुमारे १ बार दाब लागतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसाठी हा दाब आणि नळीतील घर्षण धरूनही, बाजारात ज्याला ‘सात किलो प्रेशर’चा म्हणतात तो पंप पुरून उरतो. ब्रशाला मिनिटाला दीड लिटर पाणी पुरे होते. मिनिटाला चार-पाच लिटर देणारा पंप एवढ्या कमी पाण्यावर चालवला की दाबाचे स्विच सारखे लागते-सुटते आणि पंप थडथडतो. त्यावर उपाय दोन : वेग कमी करणारे नियंत्रक बसवावे, किंवा जादा पाणी टाकीत परत नेणारी फाटा-नळी काढावी.

बॅटरीचे गणित

बॅटरी अंदाजाने घेऊ नये, हिशेबाने घ्यावी. ५० लिटरची टाकी मिनिटाला दीड लिटरने सुमारे ३३ मिनिटांत रिकामी होते. दिवसात तीन टाक्या धरल्या तर पंप १०० मिनिटे चालतो. पंप ४ अँपियर विद्युतप्रवाह घेत असेल, तर सुमारे ६.७ अँपियर-तास खर्च होतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून निदान १३.४ अँपियर-तासांची बॅटरी हवी. १२ ची अपुरी पडेल, १८ ची घ्यावी. विसावलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली समजावी, १२.२ दिसले तर निम्मी उतरलेली. काम संपले की त्याच संध्याकाळी, हवेशीर जागी चार्जिंगला लावावी. चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेणारा असतो.

तारा आणि फ्यूज

येथे आमच्या हातून घडलेली चूक सांगणे आवश्यक आहे. पहिल्या गाडीवर आम्ही फ्यूज बसवला नव्हता. बारा व्होल्टने काय होणार, अशी आमची समजूत होती. रस्त्याच्या धक्क्यांनी तारेचे आवरण लोखंडी चौकटीवर घासून फाटले, ठिणगी उडाली आणि तार क्षणात वितळली. बारा व्होल्टचा झटका जाणवत नाही, पण बॅटरीतून एकदम सुटणारा प्रवाह आग लावू शकतो. तेव्हापासून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १० अँपियरचा फ्यूज असल्याखेरीज आम्ही गाडी बाहेर काढत नाही. फ्यूज पंपापेक्षाही तारेच्या रक्षणासाठी असतो.

तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. जाण्या-येण्याची मिळून ६ मीटर तार धरली, तर ५ अँपियरवर तिच्यात सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत तेच सुमारे १.१ व्होल्ट होतात आणि पंप मरगळतो. चौकटीतून तार जाते तेथे रबरी आवरण घालावे. जोडणी करताना बॅटरीची टोके सर्वांत शेवटी जोडावीत.

जुळणी व तपासणी

टाकी, गाळणी, पंप, रेझिनची नळकांडी, लांब नळी, दांडा आणि ब्रश, असा पाण्याच्या वाटेचा क्रम ठेवावा. गाळणी पंपाच्या आधीच हवी. वाळूचा एक कण झडपेत अडकला तरी दाब बसत नाही. शोषणाची नळी पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नसावी. तिच्या सांध्यातून हवा शिरली तर पंप फिरतो, पण पाणी येत नाही. पंप फार वेळ कोरडा चालवू नये.

मग दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली : ब्रशाजवळचा नळ बंद करावा. पंप काही क्षणांत आपोआप थांबला पाहिजे. तो थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे. दुसरी : दांडा कामाच्या उंचीवर ठेवून एक लिटरची बाटली भरावी. ४० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला दीड लिटर आहे.

५० लिटर पाण्याचे वजन ५० किलो असते. ते दुचाकीवर लादू नये. तीनचाकी हातगाडीवर, टाकी पट्ट्यांनी घट्ट बांधून न्यावे.

काच धुताना आधी वरची चौकट, मग काच घासावी आणि शेवटी वरून खाली पाणी सोडून थांबावे. वर्षानुवर्षे बसलेले क्षारांचे जुने डाग या पद्धतीने जात नाहीत. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

दोन नियम

विजेच्या तारा जवळून जात असतील, तेथे दांडा उभारू नये. अॅल्युमिनियम व कार्बनचे दांडे वीज वाहून नेतात आणि ओला दांडा कोणताही असो, त्याचा भरवसा धरू नये. दुसरा नियम असा, की दांडा पोहोचत नाही तेथे काम नाकारावे. सज्जावर उतरून किंवा दोरावर लटकून काच धुण्याचा आग्रह कोणी केला, जादा पैसे देऊ केले, तरीही नाही म्हणावे.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिपरिषदेत महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते श्रमाच्या विरोधात नव्हते. जन्माने लादलेले, ठरलेल्या मोबदल्याविना, कोणीही केव्हाही राबवून घ्यावे असे काम त्यांना मोडून काढायचे होते. त्या कामात तीन गोष्टी माणसाच्या हाती नव्हत्या : काम निवडणे, त्याचे मोल ठरवणे आणि नको ते नाकारणे.

आम्ही शिकवतो त्या कामाला हीच कसोटी लावावी, अशी आमची विनंती आहे. पाण्याचा टीडीएस, बॅटरीचे अँपियर-तास, प्रवाहाची सेकंदे ज्याला मोजता येतात, तो एका खिडकीला किती पाणी, किती वीज आणि किती वेळ लागतो हे जाणतो. म्हणून आपला दर तो स्वतः सांगू शकतो. धोका कोठे आहे हे जो जाणतो, तो नकारही देऊ शकतो. आणि हेच गणित शिकलेल्या मुलाला उद्या सौर पंपाकडे, विद्युत वाहनाच्या दुरुस्तीकडे किंवा तंत्रनिकेतनाकडे जाण्याची वाट मोकळी असते. काचा धुण्याशी त्याला कोणी बांधलेले नाही. बांधू लागलो तर पालकांनी आम्हांला अवश्य अडवावे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपन्थक या मंदबुद्धी समजल्या गेलेल्या भिक्खूची कथा येते. तथागतांनी त्याला शुभ्र वस्त्राचा एक तुकडा हाताने चोळत बसायला सांगितले. मळत जाणाऱ्या त्या वस्त्राकडे नीट पाहता पाहता त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. हातातल्या साध्या कामाकडे नीट पाहणे, ते मोजणे आणि समजून करणे, एवढेच आमच्या कार्यशाळेलाही शिकवायचे आहे. त्या वडिलांनी पुढच्या सभेला यावे आणि मुलाच्या हातचा मीटर स्वतः वाचून पाहावा. आम्ही त्यांची वाट पाहत आहोत.