कुटुंबासाठी डासप्रतिबंधक लोशनची निवड : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

वर्षाऋतूचे आगमन झाले, की आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डासांसाठी अंगाला लावायचे काही आयुर्वेदिक आहे का? घरात लहान मूल आहे, केमिकल नको." आपण सहजपणे एखादी बाटली पुढे करतो. परंतु त्या बाटलीवर विसंबून एक संपूर्ण कुटुंब निर्धास्त होत असते, याचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रारंभी आमच्याच अनुभवातील एक प्रसंग नमूद करतो. गवती सुगंधाचे सिट्रोनेला तेल तीळतेलात मिसळून आम्ही एका कुटुंबास दिले होते. काही आठवड्यांनी त्यांच्या सात वर्षांच्या मुलास डेंग्यू झाला. मूल बरे झाले. परंतु मातेने विचारलेला प्रश्न आम्ही विसरलो नाही. "डॉक्टर, तेल तर आम्ही रोज संध्याकाळी लावत होतो!" एका रुग्णावरून तेलाच्या गुणावगुणांचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तथापि डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि त्या तेलाचा प्रभाव फार काळ टिकत नाही, या दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य होते. त्या आम्ही सांगितल्या नव्हत्या.

मशकविचार : ग्रंथोक्त व आधुनिक

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील कीटकल्प अध्यायात मशकांचे सामुद्र, परिमण्डल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पार्वतीय मशकाच्या दंशाची लक्षणे प्राणहर कीटकांच्या दंशासमान मानली आहेत. मशकदंश ही क्षुल्लक बाब नव्हे, ही दृष्टी आपल्या शास्त्रात प्राचीन काळापासून आहे. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखविले.

लोशनची निवड करण्यापूर्वी डासाची वेळ ध्यानात घ्यावी. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका यांचा प्रसार करणारा एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी अधिक चावतो. हिवतापाचा ॲनाफिलिस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स हे मुख्यतः रात्री चावतात. २००६ मधील चिकुनगुन्याची साथ आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला. म्हणून केवळ झोपताना लोशन लावण्याची सवय अपुरी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलास ते सकाळीच लावावयास हवे.

लोशनचे कार्य

डासप्रतिबंधक लोशन डासास मारत नाही. उच्छ्वासातील कर्बवायू, शरीराचा गंध व उष्णता यांच्या साहाय्याने डास माणसाचा शोध घेतो. त्वचेवरील प्रतिबंधक द्रव्य या शोधात अडथळा आणते. ते द्रव्य उडून गेले, घामाने वाहून गेले वा पुसले गेले, की संरक्षण संपते. लोशन न लावलेल्या शेजारच्या त्वचेवरही डास चावू शकतो. म्हणून 'गुणकारी आहे का?' या प्रश्नास 'किती वेळ?' हा प्रश्न नेहमी जोडून घ्यावा.

या संदर्भात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. स्वयंसेवकांनी लोशन लावलेले हात एडिस डासांच्या पिंजऱ्यात घातले व पहिला दंश होईपर्यंतचा काळ मोजण्यात आला. २३.८ टक्के डीट असलेल्या लोशनने सरासरी सुमारे ३०० मिनिटे संरक्षण दिले. सोयाबीन तेलावर आधारित लोशनने सुमारे ९५ मिनिटे दिले. सिट्रोनेलासह अन्य वनस्पतिज उत्पादनांचा प्रभाव २० मिनिटांहून कमी टिकला. मनगटावर बांधावयाच्या औषधी पट्ट्यांचा उपयोग झाला नाही.

आपल्या परिचित वनस्पतींविषयी

सिट्रोनेला : याचा सुगंध हेच याचे बळ आणि उडून जाणे हाच याचा दोष. स्थिर तेलात मिसळल्यास प्रभाव काहीसा वाढतो. तरी वारंवार लावणे अपरिहार्य ठरते.

निंब : खोबरेल तेलात २ टक्के निंबतेल मिसळून केलेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ॲनाफिलिस जातींच्या डासांपासून १२ तास संरक्षण मिळाल्याचे आढळले. ही अभिमानाची बाब होय. मात्र हा निष्कर्ष डेंग्यूच्या एडिस डासास जसाच्या तसा लागू करू नये. निंबतेल बालकाच्या पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होऊ शकते. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

नीलगिरी : येथे सर्वाधिक घोटाळा होतो. सर्दीसाठी आपण देतो ते नीलगिरी तेल सिनिओलप्रधान असते. लिंबाच्या गंधाच्या नीलगिरीचे तेल निराळे असून त्यात सिट्रोनेलाल अधिक असते. त्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी हे द्रव्य मिळवितात. दीर्घकाळ टिकणारा प्रभाव सिद्ध झाला आहे तो पीएमडीचा. साध्या नीलगिरी तेलाचा नव्हे.

कापूर : लहान बालकांच्या नाकाजवळ वा त्वचेवर याचा वापर टाळावा. पोटात गेल्यास आक्षेप येऊ शकतात.

वेष्टनावर काय पाहावे?

'हर्बल' वा 'नैसर्गिक' हे शब्द परिणामकारकतेचे प्रमाण नव्हेत. प्रतिबंधक द्रव्याचे नाव, त्याचे शेकडा प्रमाण, संरक्षणाचा काळ व वयोमर्यादा या चार गोष्टी पाहाव्यात. स्थूलमानाने, १० टक्के डीट सुमारे दोन तास, तर २० ते ३० टक्के डीट सुमारे पाच तास संरक्षण देते. २० टक्के पिकारिडिन साधारणतः आठ तासांपर्यंत, तर २० ते ३० टक्के पीएमडी चार ते सहा तास उपयोगी पडते. प्रमाण वाढले म्हणजे काळ वाढतो. साधारण ५० टक्क्यांपुढे डीटचा फारसा अधिक लाभ होत नाही. घाम अधिक असल्यास हा काळ घटतो.

वयानुसार निवड व लावण्याचा विधी

दोन महिन्यांखालील अर्भकास कोणतेही प्रतिबंधक लोशन लावू नये. मच्छरदाणी हाच उत्तम उपाय. त्यावरील बालकांसाठी डीटचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक नसावे. पीएमडी तीन वर्षांखालील बालकांस देऊ नये. गर्भवती स्त्रीस झिकाचा धोका विचारात घेता, वेष्टनावरील सूचनांनुसार मान्यताप्राप्त लोशन वापरण्यास प्रोत्साहन द्यावे.

लोशन उघड्या त्वचेवरच लावावे. कपड्यांच्या आत, जखमेवर, डोळ्यांजवळ व ओठांवर लावू नये. मुलांच्या तळहातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात. मोठ्यांनी आपल्या हातावर घेऊन मुलास लावावे. सनस्क्रीन लावावयाचे असल्यास ते आधी, लोशन नंतर. घरी परतल्यावर साबणाने धुवावे. डीटमुळे चष्म्याची प्लॅस्टिकची चौकट व घड्याळाचे पट्टे खराब होतात, हेही सांगावे.

कायद्याची बाजू

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील औषधाच्या व्याख्येत डास पळविण्यासाठी शरीरावर लावावयाच्या द्रव्यांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे घरी तेल मिसळून, परवान्याविना बाटल्या भरून ते विकणे योग्य नव्हे. माल घेताना परवाना क्रमांक, घटकांची यादी व समूह क्रमांक तपासावा.

सारांश

ग्राहकास तीन प्रश्न विचारावेत : लोशन कोणासाठी, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि किती तासांसाठी? अंगणात अर्धा तास बसावयाचे असेल, तर सिट्रोनेलायुक्त तेल देण्यास हरकत नाही. ते पुन्हा लावावे लागेल, हे मात्र सांगावे. डेंग्यूची साथ असताना मूल दिवसभर शाळेत राहणार असेल, तर दीर्घकाळ टिकणारे लोशनच सुचवावे, मग ते आपल्या परंपरेतील नसले तरी. सोबत साठलेले पाणी काढणे, पूर्ण बाह्यांचे कपडे व मच्छरदाणी यांचाही आग्रह धरावा.

यात आयुर्वेदाचे न्यूनत्व नाही. द्रव्याची मर्यादा जाणून त्याची योजना करणे हीच आपल्या शास्त्राची शिकवण होय. आपण मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली, तर आपल्या औषधांवरील लोकांचा विश्वास घटणार नाही, उलट दृढच होईल, असे आम्हांस वाटते.