फॉरमॅट मारण्याआधी

आमच्या घरातला लॅपटॉप बरीच वर्षं बिनतक्रार चालला. मग एका उन्हाळ्यात सुरू केल्या केल्या त्याचा पंखा घोंगावू लागला. वर्डची साधी फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागू लागलं आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या रकान्यात १०० टक्के हा आकडा ठाण मांडून बसला. दुरुस्तीच्या दुकानात दोन मिनिटं बघून निदान झालं: "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. डी ड्राइव्हला हात लावणार नाही." तो शब्द दुकानाने पाळलाही. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. सातबाऱ्याचे स्कॅन, सोसायटीचे हिशेब, मुलीच्या प्रोजेक्टचे फोटो सगळे डेस्कटॉपवर होते. ते गेले. लॅपटॉप घरी आणला आणि तासाभरात पंखा पुन्हा घोंगावू लागला.

व्हायरस नव्हताच. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात आलेखाखाली दोन आकडे असतात, प्रोसेसरचा मूळ वेग आणि त्या क्षणाचा वेग. मूळ वेग होता २.४ गिगाहर्ट्‌झ आणि प्रत्यक्ष वेग ०.७९. मागचं झाकण उघडल्यावर कारण हाताला लागलं. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ आणि कपड्यांच्या तंतूंचा जाड पापुद्रा जमला होता. तो चिमटीत धरून सलग सोलून काढता आला. गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी वेग एक तृतीयांशावर आणला होता. वेग एवढा पडला की त्याच कामाला तिप्पट वेळ लागतो आणि टक्केवारी आपोआप वर चढते. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली आणि आकडा खाली आला. फाइली मात्र परत आल्या नाहीत.

असा प्रसंग घरोघरी येतो. होकार देण्याआधी पंधरा-वीस मिनिटं स्वतः पाहिलं तर बहुतेक वेळा खरं कारण समोर येतं.

पहिली गोष्ट त्या टक्केवारीची. मोजलेल्या वेळापैकी किती वेळ प्रोसेसर कामात होता, एवढंच ती ढोबळमानाने सांगते. व्हिडिओ एडिट करताना किंवा मोठी झिप फाइल उघडताना आकडा ९५ वर गेला तर प्रोसेसर आपलं काम करतो आहे, त्यात बिघाड काही नाही. काळजी करायची ती कुणी कीबोर्डला हातही लावलेला नसताना आकडा दहा-पंधरा मिनिटं वरच राहिला तर. डिटेल्स विभागात "सिस्टिम आयडल प्रोसेस" या नावापुढे ९७ दिसलं की अनेकजण दचकतात, पण तो प्रोसेसरचा रिकामा वेळ असतो. तिथे मोठा आकडा असणं चांगलंच.

उलट, किरकोळ वाटणारा एखादा आकडा बिघाड दाखवत असतो. प्रोसेसरमध्ये आठ लॉजिकल प्रोसेसर असतील तर एकाचा वाटा साडेबारा टक्के. एखादा प्रोग्रॅम तासन् तास १२-१३ टक्क्यांवर स्थिर असेल, तर त्याचा एक धागा (थ्रेड) एकाच फेऱ्यात अडकून त्या एका लॉजिकल प्रोसेसरला पुरता जुंपून बसला असण्याची दाट शक्यता असते. चार लॉजिकल प्रोसेसर असलेल्या जुन्या मशीनवर हाच आकडा २५ दिसतो.

पाहायची रीत सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. नाव दिसताच "एंड टास्क" दाबायची घाई नको. नाव लिहून ठेवावं, किती वाजले ते लिहावं आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावं. "विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर" वर असेल तर अपडेट बसतं आहे. "अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, तो तपासणी करत असतो. सर्च इंडेक्सर फाइलींची सूची बनवत असतो. महिनाभर बंद असलेला कॉम्प्युटर सुरू केला की ही सगळी मंडळी एकदम कामाला लागतात. चार्जर लावून त्याला तासभर चालू ठेवलं की बहुधा ती आपोआप शांत होतात.

त्याच वेळी परफॉर्मन्स विभागातला "अप टाइम", म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे, हा आकडाही पाहावा. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे वीस दिवस दिसू शकतात. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. त्यामुळे अडकलेला एखादा ड्रायव्हर तसाच अडकलेला राहतो. सगळं खरोखर नव्याने सुरू करायचं असेल तर "रीस्टार्ट" निवडावं लागतं.

काही वेळा दोष घरात नसतोच. २०१३ च्या अखेरीस विंडोज एक्सपी असलेल्या असंख्य कॉम्प्युटरांवर "एसव्हीसीहोस्ट" ही प्रोसेस १०० टक्क्यांवर जाऊन बसत होती. त्याचं मूळ विंडोज अपडेटमध्ये होतं. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या, रद्द झालेल्या अपडेटची साखळी तपासताना यादीत एका अपडेटची भर पडली की तपासणीचा वेळ दुप्पट व्हायचा आणि काही याद्या चाळिसाच्या घरात पोहोचल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१४ मध्ये त्या जुन्या नोंदी काढून टाकल्या तेव्हा प्रश्न सुटला. २०१९ मध्येही विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही जणांच्या मशीनवर सर्चची प्रोसेस प्रोसेसर खात सुटली. सप्टेंबरच्या पुढच्या अपडेटने ती दुरुस्त झाली. म्हणून त्रास नेमका कोणत्या अपडेटनंतर सुरू झाला, हे सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीत जरूर पाहावं. ज्यांनी त्या काळात फॉरमॅट मारला असेल, त्यांच्याकडे तेच अपडेट पुन्हा बसून तोच त्रास परतला असणार.

नाव अनोळखी वाटलं म्हणून फाइल डिलीट करणं सर्वांत धोक्याचं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने एक्सपीमधली खरी "एसव्हीसीहोस्ट" फाइल व्हायरस समजून बाजूला काढली आणि जगभरातले कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले, त्यांचं नेटवर्कही तुटलं. तज्ज्ञांच्या सॉफ्टवेअरची जिथे गफलत होते तिथे अंदाजाने हात घालू नये. नावावर राइट क्लिक करून "ओपन फाइल लोकेशन" निवडावं. खरी एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये असते. ती डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल तर मात्र संशयाला जागा आहे.

वरच्या क्रमांकावर ब्राउझर असेल तर एक पायरी आणखी खाली उतरावं लागतं. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन किती खातं, ते तिथे वेगवेगळं दिसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा सुरू झाली. वेबसाइट उघडली की पाहणाऱ्याच्या प्रोसेसरवर मोनेरो या आभासी चलनाचं मायनिंग करणारी ती स्क्रिप्ट होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्राउजअलाउड या वाचन-साहाय्यक प्लगइनमध्ये कुणीतरी हीच स्क्रिप्ट घुसवली आणि ब्रिटनच्या सरकारी साइटींसह चार हजारांहून अधिक साइटींवर ती धावली. कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद पडली, पण ही युक्ती काही संपली नाही. त्याच वर्षी सापडलेला "नॉर्मन" हा मायनर तर टास्क मॅनेजर उघडताच स्वतः थांबायचा. पंखा जोरात फिरतो आहे आणि टास्क मॅनेजर उघडताच तो शांत होतो, असं वारंवार घडत असेल तर पूर्ण स्कॅन करावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर त्यासाठीची साधनं मोफत मिळतात. मायक्रोसॉफ्टचं "प्रोसेस एक्सप्लोरर" हे मोफत साधन तर कोणत्या प्रोसेसने कोणती सुरू केली, ते झाडासारखं उलगडून दाखवतं.

मॅकवाल्यांसाठी एक सूचना. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये "कर्नल टास्क" वर दिसला तर तो बहुधा उष्णतेमुळे असतो. मशीन गार व्हावी म्हणून तो इतर प्रोग्रॅमांच्या वाट्याचा प्रोसेसर अडवून ठेवतो. तिथे उपाय हवेशीर जागा हाच.

उष्णतेची शंका आली तर लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवावा आणि वेगाचा आकडा पुन्हा पाहावा. सफाई करताना मशीन बंद करून चार्जर काढावा. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरावं, कारण भन्नाट फिरू दिलेला पंखा निकामी होऊ शकतो. थर्मल पेस्ट बदलण्याचं काम सराव असलेल्या माणसाकडेच द्यावं.

"तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन किंवा पूर्ण स्क्रीन व्यापणारी सूचना आली तर ती फसवणूकच समजावी. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात अशा बनावट तांत्रिक मदत केंद्रांचाही समावेश होता. कुणालाही मशीनचा रिमोट ताबा देऊ नये. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावं.

एवढं करूनही दुकान गाठावं लागलं, तर प्रोसेसचं नाव, वेळ, टक्केवारी, मूळ वेग आणि चालू वेग हे सगळं कागदावर लिहून न्यावं. लक्षणं लेखी असली की "व्हायरस आहे" एवढ्यावर कुणाला भागवता येत नाही. आणि निघण्यापूर्वी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डरं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावीत. टॅलीचा डेटा बरेचदा सी ड्राइव्हमध्येच असतो, तोही घ्यावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप केलेलं असेल, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या त्या फाइलीही काढून ठेवाव्यात. डी ड्राइव्हमधलं लेखन सुरक्षित राहतं, पण फॉन्ट नसला की तेच मजकूर निरर्थक चिन्हांत दिसू लागतात आणि लेखनच बिघडलं असा समज होतो. फॉन्ट पुन्हा बसवला की ते जसेच्या तसे वाचता येतात.