'मणक्यात गॅप आलाय' म्हणजे नेमकं काय? जुनी कंबरदुखी : समज, गैरसमज आणि उपाय



परिसर अभ्यासात हाडांचा सांगाडा शिकवताना मी मुलांना विचारते, "घरी कोणाची कंबर दुखते?" जवळजवळ सगळेच हात वर होतात. आमच्या रत्नागिरीत त्याचं नवल नाही. पावसात दिवसभर चिखलात वाकून भातलावणी, मग कापणी. कुणी जांभ्याचे चिरे उचलतं, कुणी डोक्यावरून माशांची टोपली नेतं. आणि आपण वह्या तपासत तासन्‌तास एकाच जागी बसतो.

दोन वर्षांपूर्वी लावणीत माझ्या आईची कंबर धरली. एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही," असं तिला सांगण्यात आलं आणि तिने अंथरूणच धरलं. चार महिने! घागर उचलणं बंद, परड्यात जाणं बंद, देवळात जाणं बंद. दुखणं मात्र वाढतच गेलं. तेव्हा मी या विषयाचं वाचन सुरू केलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

१) कण्याची रचना

जन्मतः कण्यात ३३ मणके असतात : मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. मोठेपणी खालचे जुळून जातात आणि एकूण २६ हाडं उरतात. हलणाऱ्या मणक्यांमध्ये चकत्या म्हणजे गाद्या असतात. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. भोवताली स्नायू आणि अस्थिबंध घट्ट बांधलेले असतात. म्हणजे कणा नाजूक काचेची बरणी नाही, तो वाकण्यासाठी आणि वजन पेलण्यासाठीच बनलेला आहे.

२) जुनं दुखणं वेगळं का?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट किंवा दीर्घकालीन वेदना म्हणतात. ताजी लचक बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. पण काही जणांमध्ये मज्जासंस्था जास्तच सावध होऊन बसते. चोर निघून गेला तरी राखणीचा कुत्रा पाचोळा वाजला की भुंकतो ना, तसंच. भुंकणं खरं असतं, पण दर वेळी चोर आलेला नसतो. दुखणंही शंभर टक्के खरं असतं, पण प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे. अपुरी झोप, काळजी, भीती आणि पडून राहणं यांमुळे हा कुत्रा आणखी बिथरतो.

३) रिपोर्टमधला 'गॅप'

वयाबरोबर गाद्यांतलं पाणी कमी होतं, त्या चपट्या होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये गाद्यांची झीज दिसली. म्हणजे झीज हे बऱ्याच अंशी केस पांढरे होण्यासारखं आहे. रिपोर्ट जपून ठेवा, डॉक्टरांना जरूर दाखवा, पण एकट्या रिपोर्टला घाबरून अंथरूण धरू नका.

४) उपाय काय?

जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा आणि एकूण उपचारांचा सारांश असा :

• दुखण्याची नीट माहिती करून घेणे. भीती कमी झाली की हालचाल वाढते.
• नियमित व्यायाम. चालणं, योगासनं, पाठ-पोटाचे व्यायाम, जे रोज जमेल ते. सुरुवात थोडी, वाढ हळूहळू.
• गरज असल्यास फिजिओथेरपी, मालिश, मानसिक आधार.
• वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडाला धोका.
• कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे यांची नेहमीसाठी शिफारस नाही.
• शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागते.

५) इथे मात्र थांबू नका!

पुढीलपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे जा : लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही होतो आणि तो औषधांनी बरा होतो, पण वेळेत कळायला हवा. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर तेही दाखवून घ्या.

आईचं पुढे काय झालं?

धोक्याचं लक्षण नाही, याची आधी डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. मग पहिल्या दिवशी आम्ही दोघी फक्त अंगणाच्या गडग्यापर्यंत चाललो. "उद्या जास्त दुखलं तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दुखेल थोडं, पण मोडणार काही नाही." दुसऱ्या दिवशी दुखलं. तरी चाललो. गडग्यावरून विहिरीपर्यंत, विहिरीवरून देवळापर्यंत जायला तीन महिने लागले. आजही पावसाळ्यात तिची कंबर कुरकुरते. पण यंदा ती लावणीला उतरली. पूर्ण दिवस नाही, अर्धा दिवस, मधे मधे उभी राहून. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण तिचं जगणं परत आलं.

वर्गासाठी उपक्रम

१. बाटलीची झाकणं आणि स्पंजचे तुकडे एकाआड एक दोऱ्यात ओवून कण्याची प्रतिकृती करा. स्पंज काढून वाकवून बघा. काय फरक पडतो?
२. मुलाचं वजन आणि दप्तराचं वजन करा. २०१५ च्या शासन निर्णयानुसार दप्तर शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. २५ किलोच्या मुलाचं दप्तर किती किलोपर्यंत चालेल?
३. घरी कंबर दुखणाऱ्या व्यक्तीला विचारा : "दुखायला लागल्यापासून तुम्ही काय करायचं सोडलं?" उत्तर वहीत लिहा. त्यातली एक गोष्ट त्यांच्यासोबत हळूहळू पुन्हा सुरू करता येईल का, ते पाहा.