पात्र चालते की घसरते?

प्रश्न : हौस म्हणून पिक्सेल आर्टमधला साहसी गेम बनवतो आहे. नायक चालताना बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. काय करावे?

उत्तर : पावलांचा आणि पात्राचा वेग जुळला नाही की हे होते. जमिनीवर टेकलेला पाय दर फ्रेमला जितके पिक्सेल मागे जातो, नेमके तितकेच पात्र पुढे सरकायला हवे. ‘अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या मोफत साधनात पात्राची हालचाल अ‍ॅनिमेशनशी जोडण्याची सोय आहे.

चालीचे आवर्तन आठ फ्रेममध्ये छान बसते. आधी दोन्ही पायांच्या दोन-दोन मुख्य स्थिती काढाव्यात : टाच टेकते ती आणि एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती. ओलांडताना डोके एक पिक्सेल वर घ्यावे. एवढ्याने शरीराला वजन येते.

रंग मोजकेच ठेवावेत. १९९० च्या ‘लूम’ या साहसी गेममध्ये चित्रकार मार्क फेरारी यांनी अवघ्या १६ रंगांत विलक्षण पार्श्वभूमी उभ्या केल्या. दोन रंगांचे ठिपके आलटून-पालटून मांडले की डोळ्याला तिसरीच छटा दिसते, हे त्यांचे तंत्र आजही अभ्यासण्यासारखे आहे. लहानशा पात्रावर मात्र ते टाळावे. हलताना ठिपके लुकलुकतात.

चित्र मोठे करताना दुप्पट किंवा तिप्पटच करावे. दीडपट केल्यास पिक्सेल लहान-मोठे होतात.