गार्डन सबर्ब, ऊस आणि आमच्या मेसची बादली

आधी माफी मागते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरा, मला नको!

मागच्या सेमिस्टरला टाउन प्लॅनिंगच्या तासाला सरांनी विचारलं, "गार्डन सबर्ब कुणी पाहिलंय?" मी पटकन म्हणाले, "सर, आपलं हॉस्टेल!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर की चूक, ते लिहून आण." हा लेख म्हणजे ती असाइनमेंट, थोडी वाढवलेली.

ही कल्पना मुळात एबेनेझर हॉवर्ड यांची. हे गृहस्थ ना इंजिनिअर ना आर्किटेक्ट, लंडनच्या पार्लमेंटमध्ये शॉर्टहँड घेणारे! १८९८ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि हिशोब मांडला: ६,००० एकर जमीन घ्या, त्यातल्या १,००० एकरांवर शहर बांधा, ५,००० एकर शेतीला आणि मोकळं ठेवा, आणि एकूण ३२,००० माणसं वसवा. म्हणजे एक भाग घरं, पाच भाग हिरवं. १९०३ मध्ये लेचवर्थ हे असं पहिलं गाव सुरू झालं. गार्डन सबर्ब हे त्याचं धाकटं भावंड. त्याला स्वतःचे कारखाने नसतात, माणसं कामाला शहरात जातात आणि झोपायला झाडांत येतात. १९०७ चं लंडनचं हॅम्पस्टेड त्यात प्रसिद्ध. एकरी जास्तीत जास्त आठ घरं, भिंतींऐवजी झुडपांचं कुंपण, आणि शांतता इतकी की चर्चच्या घंटासुद्धा नकोत.

आपल्याकडे हे वारं आलं ते प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, १८९८ मध्ये (हॉवर्डच्या पुस्तकाचंच वर्ष!) इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या योजना झाल्या. दादरच्या पारशी कॉलनीतून चालताना आजही सावली डोक्यावरून हलत नाही.

आता आपल्या बाजूला या. पुण्याहून मंचर साधारण ६० किलोमीटर, नारायणगाव ७५. हायवेला दर थोड्या अंतराने बोर्ड दिसतात: बंगलो प्लॉट, फार्महाउस, "निसर्गाच्या कुशीत". मी पण अशाच बोर्डावर विश्वास ठेवून इथे आले होते. पहिल्या पावसात हॉस्टेलच्या गच्चीवरून बघितलं तर चारी बाजूंना हिरवं, वर डोंगर, आणि आवाज फक्त बेडकांचा. कॅम्पातल्या मुलीला वेड लागायचं बाकी होतं.

पण हे हिरवं "निसर्ग" नाहीये मित्रांनो. ते कालव्यांनी केलेलं आहे. घोड नदीवर डिंभे, कुकडीवर येडगाव, शिवाय माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे. डिंभ्याच्या पाण्यात तर खुद्द जुनं आंबेगावच बुडालं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं! जिथे बाजरी व्हायची तिथे पाटाचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसाबरोबर विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने. हॉवर्डचे पाच भाग इथे उसाने भरले. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. माणसापेक्षा उंच, दाट, आत कुणी फिरकत नाही. बिबट्याची मादी साधारण तीन महिन्यांत विते. तिच्या हिशोबाने यापेक्षा सुरक्षित खोली नाही. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात ती त्यामुळे.

माझी रूममेट जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्यातली. तिच्या घरी बिबट्याला सरळ "वाघ" म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिने मला सांगितलं, "अगं, अंधारात वाकून बसू नकोस, एकटी फिरू नकोस, आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लाव." मला वाटलं रॅगिंग चाललंय.

मग काळू गेला. काळू म्हणजे मेसच्या मागे राहणारा कुत्रा. आमच्या मेसचं उरलेलं अन्न रोज रात्री एका उघड्या बादलीत भरून कंपाउंडच्या कोपऱ्यात ओतलं जायचं. त्यावर सात-आठ कुत्री जगायची आणि आम्ही मुलीही त्यांना पोळ्या टाकायचो, प्रेमाने. एका सकाळी काळू नव्हता. भिंतीलगतच्या चिखलात ठसे होते. नखांची खूण नसलेले, गोल. मावशी म्हणाल्या, "वाघ येऊन गेला." त्या तशाच कणिक मळत राहिल्या.

त्या दिवशी सगळ्या हॉस्टेलचं एकच म्हणणं होतं, पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. माझंही. निवेदनावर तिसरी सही माझी आहे.

नंतर असाइनमेंटसाठी वाचायला बसले आणि घाम फुटला. हा प्रयोग आपल्याच जुन्नर वनविभागात होऊन गेलेला आहे! फेब्रुवारी २००१ पासून वस्तीजवळचे बिबटे पकडून मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, नंतर ते १७ झाले. अनोळखी जागी टाकलेलं, बिथरलेलं जनावर परतीची वाट शोधतं, आणि वाटेत माणसं असतात. "आजोबा" सिनेमा ज्याच्यावर आहे तो बिबट्या २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला होता. त्याला कॉलर लावून आपल्या माळशेज घाटात सोडलं, तर तो चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत गेला, सुमारे १२० किलोमीटर! दुसरा अभ्यास शेजारच्या अकोल्याचा (नगर जिल्ह्यातला, विदर्भातला नव्हे). तिथे जंगल जवळपास नाही, ऊस आणि माणसंच. तरी १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ मोठे बिबटे. आणि त्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशोबाने, ३९ टक्के कुत्री.

३९ टक्के. मी बादलीकडे बघितलं.

म्हणजे अन्न आम्ही ओतत होतो, कुत्री आम्ही पोसत होतो, आणि पाहुणा आला की सही करत होतो. मी उत्साहात रूममेटला सगळं वाचून दाखवलं. वाटलं होतं ती खूश होईल. ती शांतपणे म्हणाली, "तुझा पेपर बरोबर असेल. पण माझ्या चुलतभावाला थ्री-फेज लाइट रात्रीच मिळते. मोटर चालू करायला तो दोन वाजता उसात जातो. त्याची बादली कुठली हलवायची?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला आणि शेवटी नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या रस्त्यावर बसलेल्या बाईला मी १७ आणि ४ चे आकडे सांगू शकत नाही. दिवसा वीज, मळ्यातल्या घराभोवती दिवा, बंदिस्त गोठा या गोष्टी आधी मिळायला हव्यात असं माझं मत झालंय. त्या वनखात्याच्या एकट्याच्या हातात नाहीत.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, हे गार्डन सबर्ब आहे, पण हॅम्पस्टेडसारखे नियम कुणी लिहून दिलेले नाहीत. लिहायचे झाले तर पहिला कचऱ्याचा असेल, प्लॉटवाल्यांच्या ब्रोशरमध्ये तो नसतो. रात्री जोडीने चालणं, टॉर्च, गाणी (रूममेटची यादी बरोबर होती, रॅगिंग नव्हतं). बिबट्या दिसला तर पळायचं नाही, त्याची वाट अडवायची नाही, गर्दी करून फोटो तर अजिबात नाही, आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन.

आम्ही दोघींनी मावशींना विचारून झाकणाचा ड्रम आणला. ओला कचरा आता सिव्हिल लॅबच्या मागच्या जाळीबंद खड्ड्यात जातो. दोन महिन्यांत कुत्री तीनच उरली आहेत. पोळ्या टाकणाऱ्या मुली माझ्यावर रागावल्यात, ते ठीक आहे. निवेदन मी मागे घेऊन दुसरं दिलं: लायब्ररी ते लेडीज हॉस्टेल रस्त्याला पाच दिवे. त्यातले दोन लागलेत. उरलेले तीन टर्म संपेपर्यंत लागतील असं ऑफिसात सांगितलंय.